आम्ही गोलात बसतो तेव्हा

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला ग्रुप डिस्कशनवर बोलायला उभं केलंय. मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटी कामगार. रात्री कविता लिहितो. नोकरीसाठी दोनदा अशा गोलात बसलो, दोन्हीकडून हात हलवत परत आलो. मग मी कशाला बोलायचं? जिंकलेला माणूस वाट सांगतो, पडलेला खड्डा सांगतो. मी खड्डा सांगणार.

पहिली वेळ. गोदामाच्या सुपरवायझरची जागा. एसीची खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, आम्ही दहाजण. कोपऱ्यात दोन साहेब, हातात कागद. ते बोलत नाहीत. ऐकतात आणि मार्क टाकतात. विषय दिला: यंत्रांमुळे रोजगार वाढतो की घटतो? विचाराला दोन मिनिटं, चर्चेला पंधरा.

च्यायला, हा तर माझा विषय! २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत न्यूअर्कहून ‘आयडियल एक्स’ नावाची बोट ५८ कंटेनर घेऊन निघाली, आणि पुढं जगभरच्या गोद्यांतले हमाल घरी बसायला लागले. १९८९ ला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, मुंबईच्या गोदीतले कंटेनर हळूहळू खाडीपलीकडे गेले. माझ्या बापाची टोळी कशी पांगली, हे मी जेवायच्या ताटावर ऐकत मोठा झालो.

आणि तिथं मी पंधरा मिनिटं गप्प. टाय लावलेला एक पोरगा म्हणाला, यंत्र आलं की हमालाला चांगलं काम मिळतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ती मान अजून दुखते.

का गप्प बसलो? माहिती तर होती. पण वाटलं, खोली त्यांची, भाषा त्यांची, बोलणंही त्यांचंच. हे दुखणं कालचं नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पहिलं पत्र काढलं, त्याचं नावच ‘मूकनायक’. पुढं १९३० ला ते लंडनला गोलमेज परिषदेत बसले. राजे, संस्थानिक, बॅरिस्टर यांच्या मधे. तोही एक गोलच होता. तिथं ते अभ्यास करून गेले आणि आपलं म्हणणं मांडून आले.

आता कामाचं बोलू.

विंचला लटकलेला माल खाली येताना आपण त्याच्याखाली घुसतो का? टेकू देतो, मग हात घालतो. गोलातही तेच. समोरच्याचं वाक्य टेकलं, त्यानं श्वास घेतला, की घुसायचं. आधी त्याचाच मुद्दा उचलायचा: ‘यांनी उत्पादन वाढल्याचं सांगितलं ते खरं, पण सुटलेल्या माणसांचं काय?’ साहेब इथं मार्क टाकतो, कारण तुम्ही ऐकलंत हे त्याला दिसतं.

सगळ्यात आधी बोलायची घाई नको. मुद्दा असला तर बोला. पण पहिल्या चार-पाच मिनिटांत तोंड उघडाच. उशीर झाला की जीभ जड होते, मी भोगलंय. तीन-चारदा बोला, थोडं बोला. दर वेळी एक मुद्दा, एक उदाहरण. आकडा पक्का असेल तरच टाका. साहेबाकडे बघू नका, गोलाकडे बघा. कुणी गप्प असेल तर त्याला वाट करून द्या. टोळीत एकटाच जोर लावतो त्याला मुकादम शहाणा म्हणत नाही. शेवटी दोन्ही बाजू दोन वाक्यांत बांधा. आणि भाषा? अर्ज भरतानाच विचारा, मराठी-हिंदी चालते का. नसेल चालत तर सोपं इंग्रजी, छोटी वाक्यं. उच्चाराची लाज बाळगू नका.

एक विषय कधीही येऊ शकतो: आरक्षण. तिथं आपलं रक्त तापतं. तापू दे, पण तोंडात घटनेचं कलम १६(४) ठेवा. मागासवर्गांसाठी सरकारी पदं राखायचा अधिकार तिथं आहे. २००७ ला सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास छापून आला. खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, तर दलित आडनावाला बोलावणं कमी आलं. हे शांतपणे मांडा. शिवीपेक्षा जास्त लागतं.

दुसऱ्या वेळी मी हे सगळं केलं. चारदा बोललो. गोलातून पास झालो. मग मुलाखत. पहिला प्रश्न, पूर्ण नाव? दुसरा, मूळ गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला? पत्र आलं नाही.

म्हणून बोलायला शिकणं ही एक लढाई, आणि चाळण मोडणं ही दुसरी. चाळण मोडता येते. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनं खालच्या गटांतल्या, म्हणजे गट क, ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली. खाजगी दारावरही आपल्याला धडका मारायच्यात. पण तोवर पोट थांबत नाही. दोन्ही लढाया बरोबरच.

तालीम कुठं करायची? टपरीवर, विहाराच्या पायरीवर आपण रात्र रात्र भांडतो. तेच घड्याळ लावून करा. आठजण, पंधरा मिनिटं, एकजण बाहेर बसून मार्क टाकणारा. पोरींनाही गोलात घ्या, चहा करायला पाठवू नका.

चला, सतरंजीवर गोल करा. विषय मी देतो: यंत्रांमुळे रोजगार वाढतो की घटतो? या वेळी मी मान हलवणार नाही.

जय भीम.