डोळा लाल झाला म्हणजे डोळे आलेच असं नाही

चांदूर बाजारहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

२०२३ च्या पावसाळ्यात घरोघरी डोळे आले होते, आठवतं ना? तेव्हापासून डोळा लाल दिसला की आपण मेडिकलमधून थेंब आणतो. आमच्या गटातल्या एका ताईनं तेच केलं. पण तिचा एकच डोळा लाल होता, चिपडं नव्हती, आतून ठणकत होतं, आणि संत्र्याच्या बगीच्यात उजेड सहन होत नव्हता. दहा दिवसांनी धुरकट दिसायला लागलं, तेव्हा कुठं गटातून कर्ज देऊन आम्ही तिला अमरावतीला नेलं.

डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवून, प्रकाशाच्या बारीक रेघेत डोळा पाहिला. सूज आतल्या रंगीत पडद्याला होती. याला युव्हायटिस म्हणतात. डोळे येतात तशी ही एकाची दुसऱ्याला लागत नाही. क्षयरोग, मणक्याचा किंवा सांध्यांचा वात, डोळ्याला मार, अशी कारणं असतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. म्हणून डोळा दुखतो तर छातीचा एक्सरे कशाला, असं विचारू नका. आम्ही विचारलं होतं!

थेंब दोन मिळाले. एक स्टेरॉइडचा, सूज उतरवणारा, सुरुवातीला तासातासाला टाकायचा. दुसरा बाहुली मोठी करणारा, नाहीतर पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. या दुसऱ्यानं जवळचं दिसेना, तांदूळ निवडता येईना, म्हणून ताई घाबरली. ते औषधानं होतं, थेंब थांबले की जातं. पण तिनं काय केलं, आठ दिवसांत लाली गेली तशी दोन्ही बाटल्या बंद! सूज परत आली. स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळूच कमी करायचं असतं.

आणि उरलेली बाटली शेजारणीला देऊ नका. निंदताना पान लागून डोळ्याला जखम झाली, त्यात बुरशी शिरली असेल, तर हाच थेंब डोळा घालवू शकतो. फार दिवस टाकला तर मोतीबिंदू होऊ शकतो, दाब वाढून काचबिंदूही. दाब वाढलेला आपल्याला कळत नाही, तो मोजावा लागतो.

ताईला आता बरंच दिसतं. दुसऱ्या सुजेत पडदा एका जागी चिकटला, तिथं बाहुली वाकडी राहिली. कर्जाचे तीन हप्ते बाकी आहेत.