गाडी आहे, रस्ता आहे, परवाना नाही

(कुंडल येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलणे झाले. आम्ही दुसऱ्या एका मालाविषयी बोलणार आहोत. तो माल म्हणजे आपण माणसे. पोरगी कॉलेजला जाते, म्हातारी दवाखान्यात जाते, आपण बाजाराला जातो. या मालाच्या वाहतुकीचा हिशेब आपण कधी मांडत नाही.

ज्या गावात बसलो आहोत तिथूनच सुरुवात करू. शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या स्टेशनाचे जुने नाव कुंडलरोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना घातला. माळावर निवडुंग आणि साप, पण जवळून आगगाडी जात होती. ती नसती तर नांगर बनवून ते विकायला न्यायचे कसे? जिथे गाडी थांबते तिथे धंदा उभा राहतो. जिथे थांबत नाही तिथली पोरे मुंबईला जातात.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे मोटारी होत्या त्या खाजगी. एखाद्या घराची एक-दोन गाड्यांची सर्व्हिस. बाप गल्ल्यावर, थोरला गाडीवर, धाकटा टपावर सामान चढवणार. त्यात लूट होती, जनावरासारखी माणसे कोंबणे होते. उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढे टप्प्याटप्प्याने हे रस्ते सरकारकडे गेले. एसटीने खेड्यांना जोडले, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. वाडीवरची मुलगी हायस्कुलात गेली ती पासावर. आमचे भांडण एसटीशी नाही. दुसऱ्याने गाडी चालवायचीच नाही, या नियमाशी आहे.

कापसाचे आठवते ना? १९७२ पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार खरेदी. कापूस आपला, घाम आपला, पण विकायचा एकालाच. सीमा ओलांडली तर गुन्हा. रस्त्याचेही तेच झाले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन परवाने आहेत. एक टप्पा वाहतुकीचा, म्हणजे थांब्याथांब्याला माणूस चढवायचा-उतरवायचा. दुसरा कंत्राटी, म्हणजे ठरलेली माणसे इथून घेऊन थेट तिथे सोडायची. पहिला परवाना आपल्या राज्यात, शहरांच्या बससेवा सोडल्या तर, एसटीसाठी राखला गेला. दुसरा पैसेवाल्याला मिळत गेला.

शेजारच्या कर्नाटकाकडे बघा. गदगच्या एका छापखानेवाल्या घरातले विजय संकेश्वर यांनी १९७६ साली एक ट्रक घेतला. पुढे हुबळीला बस्तान बसवले, पार्सलचा धंदा वाढवला आणि १९९६ साली बस काढल्या, बंगळूर-हुबळी मार्गावर. आज बाप-लेकाची ती विजयानंद गाडी हमरस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. एका ट्रकवरून एवढे उभे करणारी माणसे आपल्यातही आहेत. पण असली गाडी रात्री कऱ्हाडवरून निघून जाते, कुंडलकडे वळत नाही. मालकाला खेड्याचा राग आहे म्हणून नव्हे. लांबच्या पल्ल्यात पैसा आहे, आणि परवानाही त्याच पल्ल्याचा मिळतो.

मग खेड्यात काय उरले? वडाप. कापसाच्या मुलखात त्यालाच काळी-पिवळी म्हणतात. जीपमध्ये आत किती, मागे लटकलेले किती, याची मोजदाद नाही. वेळ नाही, तिकीट नाही. अपघात झाला तर विम्याचा पत्ता लागत नाही. ज्या पोराने कर्ज काढून जीप घेतली तो गुन्हेगार नाही. त्याला गाडीवर पाटी लावून, वेळापत्रक लिहून धंदा करायचा दरवाजाच बंद आहे, म्हणून तो लपून करतो.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. नोव्हेंबरात सरकारने हुकूम काढला: खाजगी बस, शाळांच्या बस, मालवाहू गाड्यासुद्धा माणसे नेऊ शकतात. कालपर्यंतचा गुन्हा आज सेवा झाला! तरी या गाड्या मोठ्या स्टँडांवर गोळा झाल्या, वाडीवर फारशा आल्या नाहीत. यावरून काही विद्वानांनी निष्कर्ष काढला की खाजगीवाला खेड्यात जातच नाही. अहो, एका हंगामाच्या खंडाने घेतलेल्या रानात कोणी विहीर खणतो का? संप मिटला की परवानगी संपणार, हे माहीत असताना नवी गाडी कोण घेईल?

गोव्यात घरच्या एक-दोन बस असलेले मालक टप्पा वाहतूक करतात. १९८० साली कदंब महामंडळ आले तरी ते टिकले. तिथेही दुखणी आहेत. माणसे भरण्यासाठी गाड्यांची शर्यत लागते, आणि अंधार पडला की गाड्या कमी होतात. ही दुखणी आपल्याकडेही येतील, हे आताच सांगून ठेवतो.

म्हणून आमची मागणी अशी. जिथे एसटी जात नाही किंवा दिवसातून एकदाच जाते, तिथला टप्पा परवाना गावातल्या घराला द्या, निदान गाडीचे कर्ज फिटेपर्यंतच्या मुदतीचा. सकाळची भरलेली फेरी ज्याला, रात्रीची रिकामी फेरीही त्यालाच. रात्रीची चुकवली तर सकाळची गेली. आणि २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून फुकट आहे. त्याची भरपाई सरकार एसटीला देते, तशी या गाडीलाही द्यावी. नाहीतर म्हातारी रस्त्यावर एसटीची वाट बघत बसेल आणि गावची गाडी रिकामी जाईल.

एसटी बुडेल, अशी हाकाटी होईल. एसटीच्या तिकिटावर सरकार वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर घेत आले, तेव्हा ही काळजी कुठे होती?

बाहेर टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या वेळेला गाडी नाही, त्या वेळेला किती माणसे अडतात, आणि गावात गाडी चालवू शकेल असे कोण आहे. बायांना विचारून लिहा; दवाखान्याची आणि शाळेची वेळ त्यांना पाठ असते. हे अर्ज आपण प्रादेशिक परिवहन कार्यालयात एकाच दिवशी नेऊन देऊ. जतकडच्या मंडळींनी कागद आधी भरावेत, त्यांची शेवटची गाडी लवकर आहे.