चिकटवलेल्या सांध्याची हमी



सावित्रीकाठच्या माणसांपुढे दाखल्यांविषयी बोलणे हे धाडसच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या माणसांसकट गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन तो पूल वाहतुकीस योग्य ठरला होता. पुलाचे दगड निदान डोळ्यांना दिसत तरी होते. ज्या सांध्याच्या आत डोळा पोहोचतच नाही, त्याची हमी कोणी आणि कशाच्या बळावर द्यावी, हा माझा आजचा विषय आहे.

रिव्हेट ढिले असेल तर हातोडीच्या आवाजावरून कळते. वेल्डिंगमधली भेग क्ष-किरणांत दिसते. पण आता रेल्वेचे डबे, विमानांचे पत्रे, पुलांचे काँक्रीटचे तुकडे इपॉक्सीसारख्या द्रव्यांनी चिकटवतात. श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून अशा सांध्यातली पोकळी सापडते. परंतु द्रव्य पृष्ठभागाला टेकले आहे, मात्र त्याने पकड घेतलेली नाही, असा सांधा यंत्राला चांगल्या सांध्यासारखाच भासतो. खरी ताकद कळायची तर सांधा तोडूनच पाहावा लागतो! मरीन प्लायवुडचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून पाहतात, ते ठीकच आहे. पण गिऱ्हाइकाच्या घरी जाते ती न उकळलेली फळी.

नमुना तोडूनही सगळे कळत नाही. अमेरिकेत बोस्टन शहरातल्या बोगद्याचे छत म्हणजे काँक्रीटच्या जड फरश्या. त्या टांगलेले खिळे इपॉक्सीने बसवले होते. खिळे ओढून पाहिले, टिकले, काम मान्य झाले. १० जुलै २००६ रोजी फरश्या मोटारीवर कोसळून एक बाई ठार झाली. चौकशीत निघाले की, लवकर घट्ट होणारे ते द्रव्य घटकाभराचा ताण सोसत होते, पण कायमच्या भाराखाली तसूतसूने सरकत होते. बांधकाम चालू असताना, १९९९ मध्येच, काही खिळे सरकलेले दिसले होते. ते पुन्हा बसवले गेले, कारण मात्र शोधले गेले नाही. कशेडीच्या बोगद्यातून जाताना मला हे आठवते. त्या बोगद्यावर माझा काही आरोप नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

म्हणून शहाणे लोक सांध्यापेक्षा सांधण्याची रीत तपासतात. साफ केलेल्या पत्र्यावर पाणी ओता. ते सलग पसरले तर पत्रा स्वच्छ. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर तेलाचा अंश आहे. एका बोटाचा ठसासुद्धा पुरतो. दोन द्रव्ये मिसळल्यावर ठरावीक मिनिटांतच लावावी लागतात. हवेचा दमटपणा मोजावा लागतो, आणि आपल्याकडे श्रावणात तो किती असतो हे तुम्हांस सांगायला नको. युरोपात रेल्वे डब्यांच्या चिकटकामाला परवाना देताना कारखान्यात शिकलेली माणसे आहेत की नाहीत, हे आधी पाहतात. जर्मनीच्या ‘डीआयएन ६७०१’ या मानकाची ती पद्धत होती, पुढे युरोपीय मानकानेही तीच घेतली.

आणि आपल्याकडे? नाव घेत नाही, पण एका शेडमध्ये मी नोंदवही पाहिली. आठ तासांच्या पाळीतल्या साऱ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या. सगळीकडे दमटपणा तेवढाच! पत्रा पुसणारा मुलगा कंत्राटी, मजुरी नगावर. पाण्याची परीक्षा करत बसला तर त्याचे नग कमी भरतात. दाखल्यावर सही मात्र साहेबाची, जो त्या वेळी तिथे नव्हताच. त्या मुलाला ‘हा पत्रा चालणार नाही’ असे म्हणता येत नसेल, तर त्या दाखल्यात नेमके काय प्रमाणित झाले?

येत्या करारात आमचे मागणे साधे आहे. सांधा जोडणाऱ्याला रीतसर शिक्षण मिळावे, चिकटकामाला नगावारी मजुरी नसावी आणि नोंदीवर वेळ घालून त्याचीच सही असावी. हवा दमट झाली किंवा मिसळलेले द्रव्य घट्ट होऊ लागले तर काम थांबवण्याचा अधिकार त्याला असावा, आणि त्या पाळीचा पगार कापला जाऊ नये.