बाबांना ‘तो’ कसं म्हणू?



शिक्षकांच्या मेळाव्याचं अध्यक्षपद मिळालं की भाषेच्या भवितव्यावर बोलायची हुक्की येते. मी मात्र एका वाक्यावर बोलणार आहे.

इथेच नागपूरच्या धरमपेठेत पाचवीच्या वर्गाला मी इंग्रजी शिकवत होते. बाबांवर चार वाक्यं लिहायला सांगितली. एका मुलानं लिहिलं, ‘माय फादर इज अ टेलर. दे आर व्हेरी टॉल.’ मी ‘दे आर’वर लाल फुली मारून वर ‘ही इज’ लिहिलं. मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. “मॅडम, ‘ही’ म्हणजे ‘तो’ ना? बाबांना ‘तो’ कसं म्हणू जी?”

त्या दिवशी मी त्याला “इंग्रजीत असंच असतं” म्हणून जागेवर बसवलं. नोकरीत दिलेली पुष्कळ उत्तरं विसरले, हे मात्र टोचत राहिलं. कारण त्याचं भाषांतर बिनचूक होतं. ‘बाबा आले, ते दमलेत’ यातलं ‘ते’ त्यानं उचललं आणि त्याला इंग्रजीतला अंगरखा चढवला. आदरार्थी बहुवचन त्याला घरानं शिकवलं होतं. मी त्यावर फुली मारली, पण इंग्रजी बाबांच्या बाबतीतला आदर सर्वनामात ठेवत नाही, एवढं एक वाक्य सांगायचं राहून गेलं.

आपल्या राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीला भेटायचं, म्हणजे मुलाचे चार वर्ग मराठीत मुरून झाल्यावर. आता सहा वर्षांच्या पोराला ‘नाउन’ आधी भेटतं आणि ‘नाम’ मागून येतं. हा क्रम मला पटत नाही, पण तो बदलणं आपल्या हातात नाही. वर्गातली पंचेचाळीस मिनिटं मात्र आहेत.

नामासाठी तर व्याख्या घोकून घ्यायची गरजच नाही. नाव-गाव-फळ-फूल मुलं खेळतातच. ‘क’ आला की कमल, कामठी, केळं, कण्हेर. हाच कागद इंग्रजीच्या तासाला काढा. पहिल्या दोन रकान्यांना कॅपिटल, उरलेल्या दोघांना नाही. देवनागरीत अक्षरांची मोठी-लहान अशी जोडी नसते, त्यामुळे विशेषनाम आणि सामान्यनाम हा फरक मराठी मुलाच्या हाताला कधी करावाच लागलेला नसतो. तो त्याला रकान्यांतून दिसतो. ‘माय हेअर्स आर ब्लॅक’ लिहिणारी मुलगीही उगीच चुकत नाही, मराठीत केस ‘काळे’ असतात, अनेक असतात. उलट आपली कात्री एक, आणि इंग्रजीत ती कायमची अनेकवचनी. हे सांगितलं की मुलं हसतात, आणि हसलेलं लक्षात राहतं.

सर्वनामाला मात्र नागपूरचा वर्ग हवा. एकाच बाकावर मराठी घरातला आणि हिंदी घरातला मुलगा. मराठी मुलगा खुर्चीला ‘शी’ म्हणतो, कारण ती ‘ती’ आहे. ‘ही’ आणि ‘शी’मध्ये तो सहसा गोंधळत नाही, ‘तो’ आणि ‘ती’ त्याच्या जिभेवर आहेत. शेजारचा मुलगा बहिणीलाही ‘ही’ म्हणतो, कारण हिंदीतलं ‘वह’ दोघांनाही चालतं. दोघांच्या वह्यांवर एकच लाल शाई, कारणं वेगळी. ‘वी’ शिकवताना तर आपलीच भाषा वरचढ निघते. ‘आम्ही फुटाळा तलावावर चाललो’ म्हटलं की ऐकणारा घरी राहतो, ‘आपण जाऊ’ म्हटलं की तो चप्पल घालतो. इंग्रजीचं ‘वी’ हा निवाडा करत नाही. आणि मराठीत ‘जेवलीस का?’ विचारलं की कोणाला विचारलं ते क्रियापदच सांगतं, सर्वनाम लागतच नाही. म्हणून मूल ‘इज रेनिंग’ लिहितं. ‘इट’ त्याला फुकटचा पाहुणा वाटतो. मलाही लहानपणी वाटायचा.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, आणि पुढे आपलं शालेय व्याकरण इंग्रजीच्या वळणानं वाढलं. इंग्रजी शिकवताना मराठीकडे बघायला मात्र आपण लाजतो. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द काढला तर दंड, असे वर्ग मी पाहिले आहेत. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक सांगता येत नाही, त्यानं लहान मुलांना ‘वी’ शिकवू नये.

दुपारच्या सत्रात निबंधवाचन आहे. त्याआधी एक विनंती. प्रत्येकानं आपल्या वर्गातलं एक ‘चुकलेलं’ वाक्य चिठ्ठीवर लिहून द्यावं, मुलाचं नाव न घालता, आणि खाली ते मराठीतून किंवा हिंदीतून कसं आलं तेही लिहावं. पेटी दाराशी ठेवली आहे. पहिली चिठ्ठी मी टाकली आहे, तिच्यावर ‘दे आर व्हेरी टॉल’ लिहिलंय.