रिकाम्या चौकातली रहदारी
(रेडिओवरील भाषण)



चालकाविना धावणारी मोटार माणसाइतकी तरी सुरक्षित आहे, हे रस्त्यावर चालवूनच सिद्ध करायचं म्हटलं तर किती काळ लागेल? अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने 2016 साली हा हिशेब मांडला. तिथे तेव्हा साधारण 15 कोटी किलोमीटर प्रवासामागे एक मृत्यू होत असे. म्हणून खात्रीने बोलायचं तर अशा मोटारी एकही बळी न घेता सुमारे 44 कोटी किलोमीटर धावायला हव्यात. 100 मोटारी रात्रंदिवस पळवल्या तरी साडेबारा वर्षं! तोवर त्यांचं सॉफ्टवेअर कितीदा तरी बदललेलं असणार.

म्हणून ही परीक्षा संगणकातल्या आभासी रहदारीत घेतात. मिशिगन विद्यापीठाने तर खरं आणि आभासी यांची सांगडच घातली. अ‍ॅन आर्बर इथे 2015 साली 32 एकरांवर ‘एमसिटी’ नावाचं लुटुपुटूचं गाव उभं राहिलं. रस्ते, सिग्नल, रेल्वे फाटक, सगळं आहे. राहायला कुणी नाही. खरीखुरी मोटार चौकात येते. सिग्नल हिरवा, आजूबाजूला चिटपाखरू नाही, तरी ती ब्रेक लावते. कारण संगणकातली एक मोटार सिग्नल तोडून आडवी घुसलेली असते! एकमेकांशी जोडलेली वाहनं आपली जागा, वेग आणि दिशा बिनतारी संदेशाने सेकंदाला 10 वेळा कळवतात. तसेच संदेश इथे आभासी वाहनांच्या नावे पाठवले जातात. फाटकावर न दिसणाऱ्या आगगाडीसाठीही मोटार थांबते. चुकली तरी ओरखडा उमटत नाही.

2023 साली याच विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात पुढची युक्ती मांडली. सुरळीत प्रवासाचे कंटाळवाणे तास गाळायचे आणि आभासी चालकांना नेमक्या क्षणी आडदांडपणा करायला शिकवायचं. त्यामुळे चाचणी हजार ते लाख पटींनी झटपट होते.

पण 18 मार्च 2018 ची रात्र विसरून चालणार नाही. अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात चाचणीवरच्या मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. मोटारीला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. प्रणाली तिला कधी वाहन समजली, कधी सायकल. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी पायी रस्ता ओलांडेल, हे प्रणालीच्या गणितातच नव्हतं. माणसाला जे सुचलं नाही, ते संगणकाला कुठून सुचणार?

आपल्याकडे लेनची शिस्त नावालाच. रिक्षा, बस, हातगाडी एकाच पट्ट्यात, आणि फटीफटीतून दुचाक्या. तेव्हा परदेशी रहदारीत पास झालेली मोटार इथे आली, तर तिची प्रश्नपत्रिका आधी मागून पाहावी. उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार तिच्यात नसेल, तर ते गुण आपल्या रस्त्यावर ग्राह्य धरू नयेत.