पोरगं आयुष्यातून गेलं का?
(सूस येथील विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा गोषवारा)

आदरणीय उपासक, उपासिका आणि मागे उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो, सर्वांना सविनय जय भीम.

मागच्यांना मुद्दाम हाक मारली, कारण विषय त्यांचाच आहे. 2021 साली आपलं सूस पुणे महापालिकेत गेलं. शेतं गेली, टॉवर आले आणि शहराची दुखणीही त्याच रस्त्याने आली. 2022 च्या अखेरीपासून पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द घरोघरी झाला. ऊस तोडायचं हत्यार पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात! उभ्या गाड्यांच्या काचा फोडायच्या, दहशत माजवायची, वर त्याचे रील मोबाईलवर टाकायचे. असं पोर पोलिसांनी उचललं की वस्तीत एकच वाक्य ऐकू येतं, "गेला हा आता आयुष्यातून." हे वाक्य खरं आहे का, तेवढंच आज तपासू.

अमेरिकेत 1945 साली जन्मलेल्या आणि फिलाडेल्फिया शहरात वाढलेल्या 9,945 मुलांच्या पोलीस नोंदी मार्विन वुल्फगँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा वर्षांपर्यंतच्या तपासल्या. तिनात एकाहून जास्त, म्हणजे 3,475 मुलांचं नाव पोलिसांत आलेलं होतं. पण त्यातल्या 46 टक्के मुलांचं नाव पुन्हा आलंच नाही. उलट अवघ्या 627 मुलांनी अर्ध्याहून अधिक गुन्हे केलेले. म्हणजे एकदा पकडलेला आणि पुन्हापुन्हा पकडलेला, हे दोन वेगळे. आपण मात्र दोघांना एकाच दावणीला बांधतो.

वयाचं गणितही तसंच आहे. गुन्हे चौदा-पंधराव्या वर्षापासून वाढतात, विशीच्या आसपास कळस गाठतात आणि मग उतरतात. या वयात पोर एकटं क्वचितच काही करतं, टोळक्यात करतं. मेंदूतला लगाम पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, असं शास्त्र सांगतं.

मग थांबवतं कोण? बोस्टनमध्ये सुधारगृहात गेलेल्या 500 मुलांची जुनी कागदपत्रं हार्वर्डच्या तळघरात पडून होती. सॅम्पसन आणि लॉब या दोन अभ्यासकांनी ती बाहेर काढली आणि त्या माणसांचा सत्तरीपर्यंत माग काढला. बहुतेक सगळे आज ना उद्या थांबले होते. लवकर थांबलेल्यांत कायमचं काम, चांगलं लग्न, सैन्यातली नोकरी, जुन्या संगतीपासून तुटणं, असं काहीतरी घडलेलं दिसलं. ज्यांचे दिवस तुरुंगात जास्त गेले, त्यांना काम टिकवणं अवघड गेलं आणि ते जास्त काळ त्याच वाटेवर राहिले.

आता कुणी म्हणेल, मग आपोआप सुधारेल, गप्प बसा. तसं नाही. ज्याच्या डोक्यात कोयता बसला त्याच्या आईला ही आकडेवारी सांगून चालत नाही. आणि पंचविशीत सुधारायला पोरगं पंचविशीपर्यंत जगावंही लागतं.

आपला कायदा हे वयाचं गणित मानतो. 2015 च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठराच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवता येतो, हे सगळ्यांना ठाऊक झालंय. पण त्याच कायद्यात असंही आहे की शिक्षा बाकी असेल तर एकविसाव्या वर्षी न्यायालयाने पाहायचं, हा मुलगा बदललाय का. ते कमी लोकांना ठाऊक आहे. मात्र कायदा एक आणि अनुभव वेगळा. 19 मे 2024 ला कल्याणीनगरात आलिशान गाडीखाली दोन तरुण जीव गेले. सतरा वर्षांच्या चालकाला त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. पुढे गदारोळ झाला, मग त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. आपल्या वस्तीतल्या पोराला पहिल्या दिवशी निबंध मिळाला असता का, हा प्रश्न माझा नाही, तुमच्या चेहऱ्यावर दिसतोय.

येरवड्याहून पोर परत येतं तेव्हा खरी परीक्षा. अजूनही आपण 'रिमांड होमवाला' म्हणतो. 1871 च्या कायद्याने पारध्यांसारख्या किती जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 साली गेला, शिक्का अजून गेला नाही. शिक्क्याची जळजळ काय असते हे आपल्याला दुसऱ्याने सांगावं लागत नाही. तरीही आपल्याच गल्लीत आपण तो मारतो. क्रिकेटच्या टीममध्ये घेत नाही, जयंतीच्या कामात हाक मारत नाही. मग त्याला हाक मारणारे उरतात ते जुनेच भाऊ.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. मुलाचं प्रकरण बंद झालं किंवा निकाली निघालं असेल, तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी त्याची ती नोंद उघड करायची नाही, असं याच कायद्याचं कलम 74 सांगतं. कलम 24 प्रमाणे त्या निकालामुळे तो नोकरीला अपात्र ठरत नाही, फक्त प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांची गोष्ट वेगळी. कित्येक पोरं हे माहीत नसल्याने औंधच्या आयटीआयचा किंवा हिंजवडीतल्या कंपनीचा फॉर्मच भरत नाहीत. कुणाच्या घरात असा फॉर्म अडला असेल, तर कार्यक्रमानंतर मी इथेच बसून आहे. कागदपत्रं घेऊन या. जय भीम.