घोरणे आणि जिवाचा घोर



घोरण्यावर भाषण म्हटल्याबरोबर सभागृहात हशा पिकावा, हे स्वाभाविकच आहे. कुंभकर्णाची आठवण काढल्यावाचून आपल्याकडे हा विषय निघत नाही, आणि 'घोरत पडणे' म्हणजे निर्धास्त असणे, असेच आपण मानतो. परंतु याच भाषेत 'घोर' म्हणजे काळजी. व्युत्पत्तीचा वाद पंडितांकडे सोपवू. एकाचे घोरणे आणि दुसऱ्याच्या जिवाला घोर, हे मात्र आम्ही नित्य पाहतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि मृदू टाळू व पडजीभ थरथरू लागतात. तो आवाज म्हणजे घोरणे. ती वाट पुरती मिटली की आवाज थांबतो. घरची मंडळी 'सुटलो' म्हणतात, ती नेमकी हीच वेळ! दहा सेकंद, कधी त्याहून अधिक काळ श्वास बंद राहतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकतो आणि मोठ्या घुरक्यासह श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रीतून असे शेकडो वेळा घडू शकते. रुग्णाला सकाळी यातले काही आठवत नाही. आठवतो तो केवळ थकवा.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. एका वाहनचालक गृहस्थांना आम्ही दीर्घकाळ रक्तदाबाच्या गोळ्या वाढवून देत होतो. पत्नी दर वेळी बाहेर बाकावर बसून असत. एके दिवशी त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री यांचा श्वास थांबतो. मी हलवून जागं करते. मी झोपतच नाही." ही माहिती आमच्या कोणत्याही कागदावर नव्हती. तेव्हापासून आम्ही सोबतच्या माणसालाही आत बोलावतो.

सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये यावरील उपाय प्रसिद्ध केला: नाकावरील मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन वाट उघडी ठेवणे. त्यांच्या पहिल्या यंत्राला धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर जोडलेली होती! आजचे 'सीपॅप' यंत्र उशाशी मावते, किंमत मात्र अनेकांच्या आवाक्यात मावत नाही. म्हणून अशी यंत्रे उसनी देण्याचा आमचा विचार आहे. कोणाकडे वापराविना पडून असल्यास जरूर कळवावे. तंत्रज्ञ ते तपासून घेतील. मुखवटा मात्र प्रत्येकास नवाच द्यावा लागतो, आणि तो खर्च देणगीतून व्हावा, अशी आमची विनंती आहे.